थंडीवर घातलेला आळ

डिसेंबर-जानेवारीच्या दिवसांत सकाळी पुण्याच्या किंवा नाशिकच्या जुन्या वस्तीतून फिरावयास निघालेल्या माणसाच्या कानांवर एक आवाज हमखास पडत असे. आजही तो क्वचित पडतो. प्रथम सेल्फची जोरकस घरघर, मग किंचित विसावा, पुन्हा घरघर. पण ती पहिल्यापेक्षा दमलेली. चौथ्या-पाचव्या खेपेस नुसता 'टक्' असा आवाज होतो आणि सारे शांत होते. मग मालक बाहेर येतात, बॉनेट उघडतात, आत पाहतात आणि जमलेल्या शेजाऱ्यांना सांगतात, "थंडी फार पडली आहे हो." शेजारी मान डोलावतात. दोघे-तिघे मागून धक्का देतात, गाडी सुरू होते आणि त्या दिवसापुरता प्रश्न मिटतो.

या निदानाबद्दल आम्हांला थोडे बोलावयाचे आहे. आमचे म्हणणे असे की, आपल्या हवेत हा आळ थंडीवर घालणे बहुतेक वेळा अन्यायाचे असते. थंडी फार तर चहाडी करते. गुन्हा दुसऱ्याच कोणाचा असतो.

ज्या गाडीबद्दल आपल्याकडे ही तक्रार सर्वांत अधिक ऐकू येई, तीच उदाहरणादाखल घेऊ. फियाट ११०० ही मोटार १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात नव्या रूपात लोकांसमोर आली. तिचे माहेर इटलीतील तुरीन, आल्प्स पर्वताच्या पायथ्याचे शहर. तेथे जानेवारीत पारा रात्री शून्याखाली उतरणे ही नित्याची गोष्ट आहे. हीच गाडी पुढे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनू लागली, १९७० नंतरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी या नावाने घरोघरी पोचली, आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने तिने मुंबईची कित्येक दशके सेवा केली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस संपली. तेच १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, तीच बारा व्होल्टची बॅटरी! जे इंजिन तुरीनच्या बर्फात सुरू व्हावे म्हणून बांधले, ते पुण्याच्या दहा अंशांत कुरकुरते, तर त्याचे कारण दहा अंश हे कसे असेल?

येथे एका शब्दाचा उलगडा केला पाहिजे. मोटारीच्या भाषेत 'थंड इंजिन' याचा अर्थ हिवाळ्यातले इंजिन असा नव्हे. रात्रभर उभे राहून आसपासच्या हवेइतक्याच तापमानावर आलेले इंजिन ते थंड इंजिन. मे महिन्यात पहाटे सुरू केलेली गाडीही थंडच सुरू होते. म्हणून मालकास पहिला प्रश्न हा विचारावा की, बाबा रे, हीच खोड मे महिन्यात थोड्या प्रमाणात होती काय? दहांपैकी नऊ जण थोडे आठवून "होय" म्हणतात.

थंडीने होते तरी काय? तीन गोष्टी होतात आणि तिन्ही एकाच वेळी होतात. इंजिनातले तेल घट्ट होते. त्यामुळे इंजिन फिरवावयास जोर अधिक लागतो. बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. त्यामुळे जोर देणाराच अशक्त होतो. शून्य अंशावर बॅटरीची ताकद साधारण पाचव्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत घटते. दहा अंशांवर ही घट याहून पुष्कळच कमी असते. तिसरी गोष्ट पेट्रोलची. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. पेट्रोल हा एक पदार्थ नसून अनेक पदार्थांचे मिश्रण आहे. त्यांतले काही सुमारे ३५ अंशांवर उकळतात, तर काहींना दोनशेच्या आसपास उष्णता लागते. थंड इंजिनात त्यांतल्या हलक्या भागाचीच काय ती वाफ होते. बाकीचे पेट्रोल नळीच्या भिंतींवर ओघळत राहते. शिवाय वाफ होताना पेट्रोल भोवतालची उष्णता खेचून घेते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने कार्ब्युरेटर अधिक गार होतो.

एखाद्या कुटुंबाचा जमाखर्च जेमतेम जुळत असावा आणि त्यात दिवाळीचा खर्च यावा, तसा हा प्रकार आहे. दिवाळीने कोणी कंगाल होत नाही. शिल्लक आधीच संपलेली असते. जुन्या गाडीच्या बाबतीत ही शिल्लक कोठे गळते आहे ते शोधणे, हेच निदान. ते न करता पुष्कळ मालक सुटे भाग बदलीत सुटतात. बॅटरी नवी, कॉइल नवी, शेवटी कार्ब्युरेटरही नवा. आणि खोड कायम. मग चिडून गाडी भंगारात जाते. चांगली, धडधाकट इंजिने आम्ही अशा तऱ्हेने गेलेली पाहिली आहेत. ज्या गाड्यांचे भाग आता मिळेनासे झाले, त्यांच्या बाबतीत हा उतावळेपणा फार महाग पडतो.

निदानाचा क्रम आम्ही असा मानतो: इंजिन नीट फिरते का, ठिणगी पडते का, पेट्रोल पोचते का, आणि दाब राहतो का. क्रम सोडू नये आणि एका वेळी दोन गोष्टींना हात लावू नये. दोन गोष्टी एकदम दुरुस्त केल्या आणि गाडी सुरू झाली, तर कशाने सुरू झाली हे कधीच कळत नाही.

पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. त्यावर आम्ही थोडे रेंगाळणार आहोत. रात्री पुढचे दिवे लावावेत आणि सेल्फ मारावा. दिवे एकदम मंदावले आणि इंजिन रडतखडत फिरले, तर वीज अपुरी आहे किंवा वाटेत अडते आहे. दिवे लखलखीत राहिले आणि सेल्फ मुळीच हलला नाही, तर वीज सेल्फपर्यंत गेलीच नाही. स्विच किंवा सोलेनॉइड पाहावा. या परीक्षेस पैसा लागत नाही व हत्यारही लागत नाही.

पुढची पायरी व्होल्टमीटरची. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली; १२.२ दिसले तर अर्धी रिकामी. पण खरी परीक्षा सेल्फ फिरत असताना होते. त्या वेळी व्होल्ट साडेनवाच्या खाली जाऊ लागले, तर बॅटरी थकली आहे अथवा सेल्फच फाजील वीज खातो आहे. बॅटरी जुनी असलीच पाहिजे असे मात्र नाही. पूर्वीच्या गाड्यांत वीज बनविण्यास डायनॅमो असे, आणि डायनॅमोची गंमत अशी की, इंजिन मंद चालत असता तो जवळजवळ काहीच देत नाही. गावातल्या गावात, दिवे लावून, चौकाचौकांत थांबत जाणाऱ्या गाडीची बॅटरी रोज थोडी थोडी रिकामी होत जाते. मालकाला वाटते, बॅटरी वाईट लागली; वस्तुतः ती उपाशी असते.

आणि आता ज्या दोषाची सर्वाधिक उपेक्षा होते तो दोष. वीज बॅटरीतून निघते हे सर्वांना ठाऊक असते. ती बॅटरीत परत आली पाहिजे हे मात्र विसरले जाते. गाडीत हा परतीचा मार्ग म्हणजे गाडीचे धातूचे अंग. पण इंजिन रबराच्या गाद्यांवर बसविलेले असते आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि सांगाडा यांच्यामध्ये एक जाड, विणलेली तांब्याची पट्टी जोडलेली असते. तीस-चाळीस वर्षांत ती गंजते, तिचे पीळ तुटतात, बोल्टखाली रंग आणि मळ साचतो. सेल्फला शे-दीडशे अँपियर वीज लागते. ती या वाटेने जाऊ शकली नाही की दुसरी वाट शोधते.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी एकाच हिवाळ्यात दोन बॅटऱ्या बदलल्या. तक्रार तीच. शेवटी एका वृद्ध मिस्त्रींनी त्यांना सेल्फ मारावयास सांगितले आणि स्वतः चोकच्या तारेवर बोट ठेवले. तार चटका बसण्याइतकी तापली होती! इंजिनाकडून परत जाणारी सारी वीज त्या बारीक तारेतून वाट काढीत होती. पट्टी घासून, बोल्ट कसून बसविल्यावर तीच बॅटरी उत्तम चालली. याहून निश्चित परीक्षा करावयाची तर सेल्फ फिरत असताना व्होल्टमीटरची एक तार इंजिनाला आणि दुसरी बॅटरीच्या अर्थच्या खुंटीला लावावी. काटा अर्ध्या व्होल्टाहून वर गेला तर परतीची वाट खराब आहे, असे खुशाल समजावे. बॅटरीच्या खुंट्यांवर जमणारी पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुवावी आणि खुंटी व चिमटा घासून लख्ख करावा. पाच मिनिटांच्या या कामाने किती बॅटऱ्या वाचतील याची गणती नाही.

इंजिन जोमाने फिरते, तरी सुरू होत नाही. तर ठिणगीकडे वळावे. कॉइल, पॉइंट आणि कन्डेन्सर यांची ही जुनी रचना अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी रूढ केली, आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत प्रथम आलेला विजेचा सेल्फही त्यांचाच. त्याआधी हँडल मारावे लागे, आणि ते उलटले की मनगट मोडे. म्हणून हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा असे जुने ड्रायव्हर शिकवीत. केटरिंग यांच्या या दोन अपत्यांत एक भाऊबंदकी आहे. दोघांनाही एकाच बॅटरीवर जगावयाचे असते. सेल्फ फिरू लागला की व्होल्ट खाली येतात, कॉइलला कमी मिळते आणि ऐन गरजेच्या वेळी ठिणगी निस्तेज होते. यावरून एक फार उपयोगी खूण मिळते. सेल्फ फिरत असेपर्यंत इंजिन दाद देत नाही, पण सेल्फ सोडल्याच्या क्षणी एखादा ठसका देते, तर दोष पेट्रोलचा नव्हे. कॉइलला वीज अपुरी मिळते आहे. तसेच, सेल्फने मुळीच सुरू न होणारी गाडी थोड्याशा धक्क्याने तत्काळ सुरू होत असेल, तर कार्ब्युरेटर उघडू नये. धक्का देणाऱ्यांनी निदान करून दिलेले असते, आपण ते ऐकावयास हवे.

ठिणगी पाहण्याची रीत सर्वश्रुत आहे. डिस्ट्रिब्यूटरच्या मधली जाड वायर काढून, तिचे टोक इंजिनाच्या स्वच्छ धातूपासून पाचसहा मिलिमीटरवर कोरड्या लाकडी चिमट्याने धरावे आणि दुसऱ्याने सेल्फ मारावा. आसपास पेट्रोल सांडलेले नसावे, हे सांगणे नलगे. निळी, जाड, 'चट्' असा आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळट, केसासारखी बारीक ठिणगी वाईट. वाईट असेल तर पॉइंट उघडून पाहावेत. त्यांचे तोंड करपून एका बाजूस टेंगूळ व दुसऱ्या बाजूस खड्डा झाला असेल, तर कन्डेन्सरवर संशय घ्यावा. नुसते पॉइंट घासून भागत नाही. चार दिवसांत ते पुन्हा करपतात. पॉइंटमधील फट बहुतेक गाड्यांत अर्ध्या मिलिमीटरच्या आत-बाहेर असते. गाडीच्या पुस्तकात दिलेला आकडा प्रमाण मानून ती फीलर गेजने मोजावी. अंदाजाने फट ठेवणारे मिस्त्री पुष्कळ भेटतात; त्यांचा अंदाज उन्हाळ्यात खपून जातो.

मधल्या वायरची ठिणगी चांगली, पण प्लगपर्यंत ती पोचत नाही, असेही होते. पहाटेच्या दवाने डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत ओल धरते. टोपीला केसाएवढी चीर असली की त्या ओलीतून वीज पळते. कोकणात पावसाळ्यात गाडी सुरू होत नाही ती याच कारणाने, आणि तेथे थंडीचे नावही नसते. यासाठी अंधारात बॉनेट उघडून सेल्फ मारावा आणि पाहत राहावे. जुन्या वायरांवर काजव्यांसारखे निळे ठिपके लुकलुकताना दिसले, तर वायरा बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

आता पेट्रोल. थंड इंजिनात पेट्रोलाच्या थोड्याच भागाची वाफ होते, म्हणून ते प्रमाणाबाहेर अधिक द्यावे लागते. एरव्ही पेट्रोलाच्या एका भागास वजनाने सुमारे पावणेपंधरा भाग हवा पुरते. थंडीत सुरुवातीचे काही क्षण हे प्रमाण कित्येक पटींनी दाट करावे लागते. हेच चोकचे काम. पण सर्व चोक एका जातीचे नसतात आणि येथेच गफलत होते. काही कार्ब्युरेटरांत चोक म्हणजे हवेच्या तोंडावरची एक झडप. मॉरिस मायनरसारख्या गाड्यांच्या एसयू कार्ब्युरेटरात झडप नसते; चोक ओढला की जेट खाली सरकते आणि सुईभोवतीची जागा मोकळी होऊन पेट्रोल अधिक येते. सोलेक्सच्या कित्येक कार्ब्युरेटरांत तर चोक हा स्वतंत्र छोटा कार्ब्युरेटरच असतो, आणि तो इंजिनाच्या ओढीवर चालतो. अशा गाडीत सेल्फ मारताना ॲक्सिलरेटर दाबला की ती ओढ नाहीशी होते व चोक असून नसल्यासारखा होतो. मालक पाय दाबून ठेवतो, गाडी सुरू होत नाही, म्हणून तो आणखी दाबतो! आपल्या गाडीचा चोक कोणत्या जातीचा, हे प्रत्येकाने एकदा बॉनेट उघडून पाहून घ्यावे. त्याच वेळी दुसऱ्याकडून मूठ ओढवून चोकचा दांडा शेवटपर्यंत जातो की नाही तेही पाहावे. तार सैल पडून मूठ पूर्ण ओढली तरी चोक अर्धाच लागतो, असे जुन्या गाड्यांत फार वेळा आढळते.

पेट्रोल कमी की अधिक, याचा साक्षीदार प्लग. बराच वेळ सेल्फ मारल्यावर प्लग काढला आणि तो कोरडा निघाला, तर पेट्रोल आलेच नाही. ओला, काळा आणि वास मारणारा निघाला, तर पुराने बुडाला. बुडाला असेल तर चोक आत ढकलावा, ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबून तसाच धरावा, आणि दहा सेकंद सेल्फ मारावा; हवा भरपूर जाऊन इंजिन कोरडे होते. पुन्हा पुन्हा चोक ओढून पूर वाढविणाऱ्यांना आम्ही एकच सांगू. ते पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल धुऊन खाली तेलात मिसळते. तेलाची पट्टी काढून हुंगावी. पेट्रोलचा वास आला तर ते तेल बदलल्याखेरीज लांब जाऊ नये. थंडीने इंजिनाची झीज होत नाही एवढी या उपायाने होते.

रोज चालणारी गाडी नीट सुरू होते, पण आठ दिवस उभी राहिली की हटून बसते, याचे कारण वेगळे. कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल उडून जाते, किंवा पंपाच्या झडपा जुन्या झाल्याने नळीतले पेट्रोल मागे टाकीत उतरते. बऱ्याच पंपांना हाताने हलवावयाची छोटी दांडी असते. ती दहा-वीस वेळा हलवून वाटी भरून घ्यावी आणि मग सेल्फ मारावा. चटकन सुरू झाली, तर थंडी, बॅटरी आणि कॉइल या तिघांचीही निर्दोष सुटका करावी.

या प्रश्नाला अलीकडे एक नवी बाजू आली आहे. २०२३ पासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकले जाऊ लागले, आणि आता ते सर्वत्र झाले आहे. इथेनॉलची वाफ करण्यास पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते, म्हणून थंड इंजिनात ते सहजी पेट घेत नाही. त्यात प्राणवायू असल्याने, जुन्या मापाची जेट बसविलेल्या कार्ब्युरेटरात मिश्रण किंचित पातळ पडते. याहून वाईट म्हणजे ते हवेतले पाणी शोषते आणि जुन्या रबराच्या नळ्या व पंपाचा पडदा मऊ करून टाकते. ज्यांची गाडी पूर्वी उत्तम सुरू होत असे आणि गेल्या दोनतीन वर्षांत कुरकुरू लागली, त्यांनी प्रथम या नळ्या आणि पडदा पाहावा. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या मिळतात. त्या घालणे हा केवळ सुरू होण्याचा प्रश्न नाही, गळक्या नळीखाली तापलेले इंजिन असते. गाडी महिनामहिना उभी ठेवणाऱ्यांनी टाकीतले पेट्रोल जुने होऊ देऊ नये. पेट्रोलातला हलका भागच आधी उडून जातो, आणि थंड इंजिनाला नेमका तोच हवा असतो.

राहिला दाब. वरचे तिन्ही निर्दोष ठरले तरच याकडे वळावे. चारी प्लग काढून दाबमापकाने प्रत्येक सिलिंडर तपासावा. एखादा इतरांहून फार कमी निघाला तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या. न वाढला तर वाल्व्ह बसत नाहीत. पुढचे काम मिस्त्रीचे.

हे सारे करण्याचा कंटाळा म्हणून काही जण दोन उपाय करतात. कार्ब्युरेटरच्या तोंडात वाटीने पेट्रोल ओततात. इंजिनाने उलटा ठसका दिला की ज्वाळा बाहेर येते, आणि वाटी हातातच असते. दुसरा उपाय, गॅरेजचे दार थंडीसाठी लावून घेऊन आत इंजिन चालू ठेवणे. दाट मिश्रणावर चालणाऱ्या थंड इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत तो काही मिनिटांत माणसाला बेशुद्ध करतो व पुढे प्राण घेतो. इंजिन सुरू झाले की गाडी प्रथम बाहेर काढावी, चोक अर्धा आत ढकलावा, आणि मिनिटभराने इंजिन न अडखळता चालू लागले की उरलेलाही ढकलून द्यावा.